मोरीपासून चेंबरपर्यंत

(युवकांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना जसं आलं, तसंच बहुतेक ठेवलं आहे.)



संयोजकांनी मला विषय दिला होता, 'शहरातला दलित तरुण आणि त्याच्यापुढचे प्रश्न.' विषय एवढा मोठा की त्यात काहीही घातलं तरी मावतं. माझ्याआधीच्या दोघांनी त्यात साहित्य घातलं, राजकारण घातलं. चांगलं बोलले. मी त्यात मोरी घालणार आहे.

हसा. हसून घ्या. मोरी म्हणजे आपल्या खोलीच्या कोपऱ्यातली, कडाप्पा लावलेली, गुडघाभर कठड्याची. जिथं आई भांडी घासते, बाप आंघोळ करतो, बहीण पडदा ओढून कपडे बदलते. त्या मोरीच्या कोपऱ्यात एक भोक आहे. पाणी त्यातून जातं. कुठं जातं? ज्याला आपल्या मोरीचं पाणी कुठून कुठं जातं हे रस्त्यापर्यंत सांगता येतं, त्यानं हात वर करावा.

तीन हात. त्यातला एक प्लंबर आहे, मी ओळखतो त्याला.

आपल्याला मनुस्मृती कुठं जाळली ते माहीत आहे, तळं कुठलं ते माहीत आहे. माहीत असायलाच पाहिजे. पण रोज ज्या पाण्यात आपण पाय बुडवतो ते पुढं कुणाच्या अंगावर जातं, हे माहीत नाही. आज मी तेवढंच बोलणार आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या चाळीत तळमजल्याच्या सात खोल्यांत मोरीतून पाणी उलटं आलं. वरचे लोक आंघोळ करायचे आणि खालच्यांच्या गॅसपाशी साबणाचा फेस. चाळीतली पोरं जमली. आपलीच पोरं, चौदा एप्रिलला मिरवणुकीत पुढं असणारी. त्यांनी घरटी शंभर रुपये वर्गणी काढली. मी विचारलं, वर्गणी कशाची? म्हणाले, "दादा, माणूस बोलवायचाय. चेंबरमध्ये उतरायला."

माणूस.

मी म्हटलं, कोण माणूस? तर म्हणाले, "असतात ना नाक्यावर. आठशे घेतो. दारूचे वेगळे."

पोराच्या छातीवर बाबासाहेबांचं चित्र, आणि तोंडात हे. मी त्या दिवशी चाळीत फार भांडलो. का भांडलो ते सांगायला मला १९९१ सालात जावं लागेल.

आमचे आण्णा महापालिकेच्या मलनिःसारण खात्यात कामगार होते. पहाटे जायचे, दुपारी यायचे. आले की कुणाशी न बोलता आधी मोरीत. आई बाहेरून दोन बादल्या सरकवायची. तिसरी मागितली नाही तर काम हलकं होतं, मागितली तर जड होतं. आम्ही पोरं त्या बादल्यांवरून त्यांचा दिवस ओळखायचो.

१९९१ च्या जुलैत, एका रविवारी, चाळीचं चेंबर तुंबलं. मालकाचा भाडं गोळा करणारा मेहताजी वर आला. दारातच उभा राहिला. आमच्या उंबऱ्याच्या आत तो कधीच आला नाही. म्हणाला, "तुम्ही तर त्याच खात्यातले. बघा ना जरा."

चाळीत चाळीस बिऱ्हाडं. गिरणीत गेलेले, बेस्टमधले, एक शाळामास्तर. चाळीस मोऱ्यांचं पाणी त्या एका चेंबरात. पण 'त्याच खात्यातले' आम्ही एकटे. सुट्टीच्या दिवशी शाळामास्तरांना कुणी सांगितलं नव्हतं की तुम्ही त्याच खात्यातले, चाळीची पोरं शिकवा.

आण्णा उतरले. कमरेला दोर, अंगात अर्धी चड्डी. दोर वर मी धरला होता. वय तेरा. तासाभरात त्यांनी घमेल्यानं जे वर दिलं ते मी पाहिलं. भाताचा आंबलेला गोळा. केसांचे पुंजके. माशांची खवलं. भांडी घासायची राख आणि काथ्या. दाढीचं पातं. आणि एक चमचा. पात्यानं त्यांचा अंगठा फाटला होता. मेहताजीनं वीस रुपये कठड्यावर ठेवले. हातात दिले नाहीत.

रात्री आई एवढंच बोलली, "तो चमचा आपला होता."

आमच्या मोरीला जाळी नव्हती. कधीकाळी होती, गंजून गेली, कुणी नवी बसवली नाही. आई भांडी घासायची, एखादा चमचा भोकातून जायचा. चाळीस मोऱ्यांतून जे खाली गेलं ते काढायला एक माणूस खाली गेला, आणि त्यातलं थोडं आमच्याच घरातलं होतं. व्यवस्थेवर मी तेव्हापासून रागावतोच आहे. पण त्या चमच्यानं मला व्यवस्थेबरोबर आमची मोरीही बघायला लावली.

आता जरा जुन्या घराकडं बघू. मुंबईतल्या जुन्या इमारतीच्या मागं एक बोळ असते. हाऊसगल्ली म्हणतात तिला. दोन इमारतींच्या पाठी एकमेकींकडं, मधे अंधार, वरून पाइप उतरलेले. काही जुन्या इमारतींना मागून लोखंडी गोल जिना दिसतो. आजकाल लोक त्याचे फोटो काढतात, जुन्या मुंबईची शोभा म्हणून. तो जिना शोभेचा नव्हता. मैला उचलणाऱ्यानं पुढच्या जिन्यानं येऊ नये म्हणून तो मागं होता. ती गल्लीही त्याच्यासाठीच सोडलेली. म्हणजे घराचा नकाशा काढतानाच जात काढलेली होती. गावाला गावकूस असतं, इथं हाऊसगल्ली.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९८ साली सरकारनं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. पुढं त्या ट्रस्टच्या चाळी उठल्या. बाबासाहेब परळला राहायचे ते अशाच एका बी.आय.टी. चाळीत. मग १९२० च्या दशकात बी.डी.डी. चाळी आल्या, वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडी मिळून २०७. त्यांच्याआधी आणि नंतर खासगी मालकांच्या चाळी. ह्यांतल्या कित्येक घरांत अजून लोक राहतात, आणि कित्येक ठिकाणी पाइप, ट्रॅप, जाळ्या त्या काळच्याच किंवा त्यांवर ठिगळं लावलेल्या. पाइप बिडाचे. बीड बाहेरून काळं, धडधाकट दिसतं. आतून गंज चढत चढत चार इंचाचं भोक दोन इंचाचं होतं. वरून रंग मारला की मालक म्हणतो दुरुस्ती झाली.

मोरीच्या त्या भोकाखाली काय असतं? ट्रॅप असतो. त्याला आपल्याकडचे इंजिनीअर आणि दुकानदार 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. देशभर म्हणतात. तमीळ मिस्त्रीही म्हणतो, बंगाली दुकानदारही म्हणतो. शब्द आपला आहे, न्हाणीचा. पण ज्यांच्या भाषेतला शब्द आहे त्यांच्या कित्येक घरांत ती वस्तूच धड उरलेली नाही.

ट्रॅपचं काम एका वाक्यात सांगतो. पाणी जाऊ द्यायचं आणि वास, वायू, झुरळ वर येऊ द्यायचं नाही. त्यासाठी पाइपाला खाली वाकवून त्यात थोडं पाणी कायम अडवून ठेवतात. त्या पाण्याचा पडदा. साधारण ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच. आडवी तीन बोटं एवढं पाणी तुमच्या घरात आणि गटारात दार म्हणून उभं असतं. लंडनच्या अलेक्झांडर कमिंगनं १७७५ साली अशा वाकड्या पाइपाच्या संडासाचं पेटंट घेतलं. त्यात नवं काही नाही, महाग काही नाही. अडीचशे वर्षं झाली.

जुन्या मोऱ्यांत बहुतेक घंटीचा ट्रॅप असतो. जाळीला उलटी वाटी चिकटवलेली, ती पाण्यात बुडते आणि पडदा तयार होतो. ह्या वाटीत भात अडकतो, केस अडकतात, पाणी सावकाश जातं. मग आपण काय करतो? वाटी काढून फेकतो. पाणी सटासट जातं. आपण खूश. पण आता दार काढून टाकलं आहे. वास येणार, झुरळं येणार, आणि जे जे भोकातून जाईल ते सगळं चेंबरात पोहोचणार. चेंबरात पोहोचलेलं कुणीतरी काढणार.

कुणाला वाटेल, वासाचं एवढं काय. २००३ साली हाँगकाँगला अमॉय गार्डन्स नावाच्या उंच इमारतींच्या वसाहतीत सार्स पसरला. तीनशेहून जास्त लोकांना लागण झाली. तपासात निघालं की बाथरूमच्या जमिनीतल्या ट्रॅपमधलं पाणी सुकलं होतं. लोक फरशी पोतेऱ्यानं पुसायचे, पाणी ओतायचे नाहीत. एक्झॉस्ट फॅन लावला की पाइपातली हवा घरात ओढली जायची. दोन इंच पाणी नव्हतं म्हणून.

आता कामाचं बोलतो. वही असेल तर काढा. घरी गेल्यावर चार गोष्टी बघा.

एक. जाळी उचला. खाली पाणी दिसतं का बघा. एक काडी उभी बुडवा आणि ओली किती झाली ते मोजा. पाण्याच्या पडद्याची खोली म्हणजे पाण्याच्या वरच्या पातळीपासून आतल्या वाकणाच्या किंवा वाटीच्या ओठापर्यंतचं अंतर. ते दीड-दोन बोटंही नसेल तर ट्रॅप निकामी आहे. पाणी दिसतच नसेल तर ट्रॅप फुटला आहे, सुकला आहे, किंवा नाहीच.

दोन. वरच्या मजल्यावरच्याला एक बादली एकदम ओतायला सांगा आणि आपल्या मोरीशी कान लावा. गुडगुड आवाज येऊन तुमचं पाणी खाली ओढलं गेलं, तर उभ्या पाइपाला हवा मिळत नाही. तो पाइप छतावर जाऊन उघडा असायला हवा. पुष्कळदा कुणीतरी गच्चीवर वास येतो म्हणून फडकं कोंबतो, किंवा पत्रे टाकताना तोंड बुजवतो. ते तोंड उघडं करा, वर जाळीची टोपी बसवा.

तीन. पाण्यात रंग कालवून ओता आणि खालच्याच्या छताकडं, हाऊसगल्लीच्या भिंतीकडं बघा. रंग उमटला तर सांधा किंवा ट्रॅपभोवतीची जमीन गळते आहे. खालच्या काकूंशी वर्षानुवर्षं जे भांडण चालू आहे, त्याचा निकाल दोन रुपयांच्या रंगात लागतो.

चार. तळाला जाऊन बघा. जुन्या बांधणीत संडासाचा पाइप वेगळा, मोरीचा वेगळा. मोरीचा पाइप खाली गली ट्रॅपमध्ये पडतो आणि मग चेंबरात. कुणी शहाण्यानं तो पावसाच्या पाण्याच्या पाइपाला जोडला असेल तर तो गुन्हेगार आहे. मुंबईत पावसाचं पाणी आणि सांडपाणी ह्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. तुमचं साबणाचं पाणी मग नाल्यात जातं, आणि नाल्याच्या काठावर कोण राहतं ते तुम्हाला माहीत आहे.

बदलायचं ठरलं तर मिस्त्री बोलवा, पण समोर उभे राहा आणि विचारा. बिडाच्या पाइपाचे सांधे अंबाडीचा पीळ ठोकून वर वितळलेलं शिसं ओतून केलेले असतात. ते शिसं घरात पुन्हा वितळवू देऊ नका, धूर विषारी असतो. छिन्नीनं काढावं, हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये, पोरांना लांब ठेवावं. पाइप करड्या सिमेंटसारखा असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता आहे. तो कटरनं कोरडा कापायचा नाही. त्याची धूळ छातीत बसली की परत निघत नाही. पाणी मारून, शक्यतो अख्खा तुकडा उतरवून, ओल्या गोणीत बांधायचा. मिस्त्रीच्या पोरालाही छाती असते, हे आपण नाही सांगणार तर कोण सांगणार?

नवा पाइप सांडपाण्यासाठीचा, ज्याला बाजारात एस.डब्ल्यू.आर. म्हणतात, तो घ्या. वायरिंगचा किंवा शेतीचा पातळ पाइप स्वस्त म्हणून चालत नाही. जुन्या बिडात नवं प्लास्टिक कोंबून वर सिमेंट थापणं ही दुरुस्ती नव्हे. त्यासाठी रबराचं जोडकाम मिळतं. आडव्या पाइपाला उतार हवा, चाळीस इंचाला एक इंच धरून चाला. अगदी कमी उतार दिला तर घाण मागं बसून राहते. काटकोनाच्या बेंडाऐवजी जमेल तिथं दोन पंचेचाळीसचे लावा. आणि वळणावर झाकणाचा तुकडा घाला, ज्याचं झाकण उघडून बाहेरून तार घालता येते. हे झाकण फार महत्त्वाचं आहे. बाहेरून तार घालता आली की माणूस आत घालावा लागत नाही.

ट्रॅप बसवल्यावर फरशी घालण्याआधी त्याच्याभोवती वॉटरप्रूफिंग करून घ्या. भिंत आणि जमीन जिथं मिळतात तिथं मिस्त्रीकडून वाटा मारून घ्या. मग भोक बुजवून मोरीत पाणी भरून ठेवा, एक दिवस. खालच्यांचं छत कोरडं राहिलं तरच पैसे पूर्ण द्या. जाळी उचलता येणारी बसवा, सिमेंटात गाडू नका. रोज रात्री जाळीवरचं वेचून कचऱ्यात टाका. तेल-तूप मोरीत ओतू नका, थंड झालं की ते पाइपात मेणासारखं बसतं. घर महिनाभर बंद ठेवणार असाल तर जायच्या दिवशी ट्रॅपमध्ये बादलीभर पाणी आणि वर दोन चमचे गोडेतेल टाका. तेलाच्या थराखाली पाणी लवकर सुकत नाही.

आणि ॲसिड. तुंबलं की आपण दुकानात जातो, बाटली आणतो, ओततो, धूर येतो, समाधान वाटतं. ॲसिड बीड खातं, सिमेंटचे सांधे खातं. ब्लीचिंग पावडरवर पडलं तर क्लोरीन वायू निघतो आणि बंद मोरीत माणूस गुदमरतो. पण मला दुसरंच सांगायचं आहे. गोळा निघाला नाही तर ते ॲसिड पाइपात साचून राहतं. मग ज्याला तुम्ही बोलावता तो पाइप उघडतो. त्याच्या तोंडावर ते येतं. आण्णांच्या डाव्या हातावर कोपरापर्यंत एक डाग होता. आम्ही त्याला जन्मखूण समजायचो. त्याआधी रबरी पंप वापरा, तारेचं स्प्रिंग वापरा, गरम पाणी वापरा.

कुणी म्हणेल, भाडेकरूनं का खर्च करायचा? मालक काय करतो? बरोबर आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम १४ वाचा. घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं मालकाचं कर्तव्य आहे. त्यानं नाही केलं तर भाडेकरूनं एकट्यानं किंवा मिळून नोटीस द्यायची. पंधरा दिवसांत नाही केलं तर स्वतः दुरुस्ती करायची आणि खर्च भाड्यातून कापायचा. मर्यादा अशी की वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त एका वर्षात कापता येत नाही. सरकारी चाळींना हे कलम लागत नाही, तिथं त्या खात्याकडं अर्ज करावा लागतो. आता जुन्या चाळीचं भाडं एवढं कमी की त्याच्या चौथ्या हिश्शात एक बेंडही येत नाही. तरी नोटीस द्या. सगळ्यांनी सह्या करून, पोचपावती घेऊन. उद्या भिंत पडली, कुणी मेलं, तर 'आम्हाला सांगितलं नव्हतं' हे म्हणायला मालकाला जागा ठेवू नका. आपल्या बापजाद्यांकडं कागद नव्हता. आपल्याकडं असायला हवा.

आता चेंबर. इथं मी आवाज चढवणार आहे.

साचलेल्या गटारात हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असतो तेव्हा कुजक्या अंड्याचा वास येतो. जास्त झाला की नाक मरतं, वास येईनासा होतो. माणसाला वाटतं, वास गेला, आता उतरायला हरकत नाही. तिथंच तो पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. बातमी येते, 'दोघांचा गुदमरून मृत्यू.' तोंडाला रुमाल बांधून हा वायू अडत नाही. दारूनं तर नाहीच नाही. दारू वास सोसायला देतात, जीव वाचवायला नाही.

हातानं मैला उचलण्याविरुद्ध पहिला कायदा १९९३ चा. दुसरा २०१३ चा. तो अमलात आला ६ डिसेंबर २०१३ ला. तारीख बघा. त्याचं कलम ७ म्हणतं की कोणीही माणूस, कुठलीही संस्था, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, गटाराच्या किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईला कुणाला लावू शकत नाही. 'कोणीही' ह्यात चाळ कमिटी आली, सोसायटीचा सेक्रेटरी आला, वर्गणी काढणारी आमची पोरंही आली. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सुप्रीम कोर्टानं २७ मार्च २०१४ ला सांगितलं की १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांना दहा लाख द्या. २० ऑक्टोबर २०२३ ला तीच रक्कम तीस लाख केली. कोर्टानं आकडा वाढवला, कारण माणसं मरायची थांबली नव्हती.

आमच्या चाळीत त्या दिवशी भांडण झालं ते इथं येऊन थांबलं. एक पोरगा मला म्हणाला, आणि त्याचं म्हणणं मी आडवं टाकत नाही, तो म्हणाला, "दादा, आपण हे काम सोडायला निघालोय. बाबासाहेबांनी सांगितलं, घाणीची कामं सोडा. आणि तुम्ही आम्हाला परत मोरीत हात घालायला सांगता?"

प्रश्न बरोबर आहे. उत्तर मी त्याला पाइप दाखवून दिलं. हा पाइप बघ. ह्याच्या वरच्या टोकाला ट्रॅप बसवतो तो मिस्त्री. तो चहा मागतो, मजुरी ठरवतो, आवडली नाही तर जातो. ओडिशाच्या केंद्रापाडा जिल्ह्यातली पोरं ह्या हुनरावर देशभर पोट भरतात. ह्याच पाइपाच्या खालच्या टोकाला जो उतरतो त्याला नाव नाही, तो 'माणूस.' त्याचे पैसे कठड्यावर ठेवायचे. पाणी तेच, पाइप तोच, मधे पंचवीस-तीस फूट. सांग, कितव्या फुटाला जात सुरू होते?

जिथं हत्यार संपतं आणि उघडा हात सुरू होतो, तिथं ती सुरू होते. जिथं मजुरी संपते आणि 'तुम्ही तर त्याच खात्यातले' सुरू होतं, तिथं. आपण सोडायचं ते हे. पान्हा, तार, मोजपट्टी, उताराचं गणित हे आपण सोडलेलं नाही, आपल्याला ते कधी दिलंच नव्हतं. ते घ्यायचं. आणि घाण सगळ्यांची आहे तर जाळी सगळ्यांनी उचलायची. मास्तरांच्या घरानंही.

मग आम्ही काय केलं ते सांगतो. माणूस बोलावला नाही. वर्गणी तशीच ठेवली. वॉर्ड ऑफिसला लेखी तक्रार दिली, शिक्का घेतला, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तिसऱ्या दिवशी पुन्हा. सक्शनची गाडी चौथ्या दिवशी आली. चार दिवस तळमजल्याची सात घरं वरच्यांच्या मोऱ्यांत आंघोळीला गेली. ज्यांच्या घरात आमची आई कधी पाणी प्यायली नव्हती, त्यांच्याही. कुरकुर झाली. पण झालं. गाडीनं चेंबर मोकळं केलं. मग त्या शंभर-शंभर रुपयांच्या वर्गणीतून आम्ही चाळीस जाळ्या घेतल्या. एक रविवार पोरांनी घराघरात जाऊन काडी बुडवली. चाळीसपैकी अठ्ठावीस मोऱ्यांत ट्रॅप निकामी. वर्षभरात एकोणीस बदलून झाले, बाकीच्यांचं चालू आहे. काहींनी अजून ऐकलेलं नाही. एका घरानं 'आमच्या मोरीत त्या पोरांनी हात घालायचा नाही' असं सांगितलं. कुठल्या पोरांनी, ते तुम्ही समजून घ्या. २०२० नंतरच्या मुंबईत.

शेवटचं. तुमच्यातले पुष्कळ जण आता चाळीतून निघालेत किंवा निघणार आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. आनंद आहे. शंभर वर्षांनी घरात संडास आला. पण टॉवरलाही पाइप असतात. हाऊसगल्लीचं नाव तिथं डक्ट होतं, एवढंच. तिथं सोसायटी होईल, कमिटी होईल, आपला माणूस सेक्रेटरी होईल. एक दिवस चेंबर तुंबेल आणि कुणीतरी म्हणेल, माणूस बोलवा. त्या वेळी खुर्चीत तुम्ही असाल. तेव्हा तुमच्याकडं रजिस्टरमध्ये सक्शन गाडीचा नंबर लिहिलेला असू द्या, आणि उघडता येणारं झाकण कुठं आहे ते पाठ असू द्या.

आण्णा २००९ साली गेले. त्यांच्या माघारी कपाटात फार काही निघालं नाही. रिटायरमेंटचं पत्र, घड्याळ, आणि तो चमचा. त्यांनी तो धुऊन ठेवला होता, अठरा वर्षं. वापरला नाही, टाकला नाही. कशासाठी ठेवला ते मी विचारलं नव्हतं.

घरी जा. जाळी उचला. काडी बुडवा.

जयभीम.